कॅनडाची कॉमिक्स सहा वर्षांत आटोपली, अ‍ॅनिमेशन मात्र टिकलं. असं का?

बोरू
दोन्हींची सुरुवात एकाच युद्धात झाली, म्हणून हा प्रश्न. डिसेंबर १९४० मध्ये कॅनडा सरकारने परकीय चलन वाचवण्यासाठी कायदा केला आणि अमेरिकेतून येणाऱ्या बिनगरजेच्या मालावर बंदी घातली. त्या यादीत कॉमिक्सही होती. मार्च १९४१ मध्ये व्हँकूव्हरच्या मेपल लीफ पब्लिशिंगचं 'बेटर कॉमिक्स' आलं, पाठोपाठ टोरांटोचं अँग्लो-अमेरिकन, मग बेल फीचर्स. त्याच १९४१ मध्ये स्कॉटलंडचा अ‍ॅनिमेशनकार नॉर्मन मॅक्लारेन ओटाव्याला नॅशनल फिल्म बोर्ड या कॅनडाच्या सरकारी चित्रपटसंस्थेत रुजू झाला. बोर्ड स्वतः १९३९ चं, पहिले प्रमुख जॉन ग्रिअरसन.

१९४७ उजाडेपर्यंत कॅनडाची स्वतःची साहसी कॉमिक्स जवळपास बंद पडली होती. फिल्म बोर्डाचं अ‍ॅनिमेशन आजही चालू आहे.

माझं मत सरळ आहे. कॉमिक्सवाल्यांना कुंपण मिळालं, अ‍ॅनिमेशनवाल्यांना पगार. कुंपण काढलं आणि पीक गेलं. जाणकारांनी भर घालावी, आणि पटलं नाही तर सविस्तर खोडून काढावं.

जुनी_रद्दी
मत निम्मं पटतं. कुंपण नेमकं कशाभोवती घातलं होतं हेही बघायला हवं.

१९४० च्या कायद्याने छापील अंक तर अडलेच, तयार चित्रंही येईनात. त्यामुळे अँग्लो-अमेरिकनने अमेरिकेतल्या फॉसेट कंपनीच्या कॅप्टन मार्व्हलच्या संहिता घेतल्या आणि चित्रं टोरांटोत कॅनेडियन चित्रकारांकडून नव्याने काढून घेतली. गोष्ट तीच, हात वेगळा. एका कायद्यामुळे शाळा सोडून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांना टेबल आणि काम मिळालं. लिओ बाखलेचा 'जॉनी कॅनक' फेब्रुवारी १९४२ च्या 'डाइम कॉमिक्स' मध्ये आला तेव्हा लिओ जेमतेम किशोरवयातला.

आता दुसरी बंदी बघा. नोव्हेंबर १९४७ मध्ये चलनटंचाईमुळे पुन्हा आयात अडवली. या वेळी मात्र छपाईचे साचे आणण्याला मोकळीक होती. मग काय झालं? अमेरिकन कॉमिक्सच्या कॅनेडियन आवृत्त्या धडाधड छापल्या गेल्या. छापखान्यांना काम मिळालं, चित्रकारांना एकही पान मिळालं नाही. कुंपण दोन्ही वेळा होतं. पहिल्यात चित्रकाराचा हात आत होता, दुसऱ्यात फक्त यंत्र.

बोरू
@जुनी_रद्दी, दुसऱ्या बंदीचा हा तपशील मी विचारातच घेतला नव्हता. मग माझं वाक्य बदलावं लागेल.

मेपलपान
या अंकांना 'कॅनेडियन व्हाइट्स' का म्हणतात ते नव्या वाचकांसाठी सांगते. मुखपृष्ठ रंगीत, आत बहुतेक सगळं काळं-पांढरं. रंगीत छपाईला प्रत्येक पानाचे चार साचे लागतात आणि चार वेळा शाई चढवावी लागते. युद्धात कागद, शाई, धातू सगळ्याचीच ओढाताण होती. दहा सेंटांच्या अंकात ते परवडणारं नव्हतं.

याचा चित्रांवर थेट परिणाम झाला. रंगीत कॉमिक्समध्ये पुढचा माणूस लाल आणि मागची भिंत निळी केली की काम भागतं. इथे ती सोय नाही. मग पुढच्या आकृतीला जाड रेघ, मागच्याला बारीक, मध्ये शाईचे मोठे काळे डाग. जो चित्रकार काळ्याचा तोल सांभाळू शकला नाही त्याचं पान वर्तमानपत्री कागदावर राखाडी चिखलासारखं दिसतं. एड्रियन डिंगलला ते उत्तम जमलं होतं. त्याची सुपरहिरो नायिका 'नेल्वाना ऑफ द नॉर्दर्न लाइट्स' बघा. ऑगस्ट १९४१ मध्ये, म्हणजे वंडर वुमनच्या काही महिने आधी आली. उत्तर ध्रुवाकडचा काळा आकाशपट आणि त्यावर उत्तरप्रकाशाचे कोरे पांढरे झोत. रंग नसल्यामुळेच ते पान उठून दिसतं.

उत्तरायण
नेल्वानाचं कौतुक जरूर करावं, पण एक गोष्ट खटकते आणि ती बोललीच पाहिजे. चित्रकार फ्रांझ जॉन्स्टनने उत्तरेकडून आणलेल्या इन्युइट आख्यायिकेवर ती बेतलेली आहे. कोलियाक हा उत्तरप्रकाशाचा राजा तिचा बाप, आई मर्त्य मानव. पण चित्रात ती हॉलिवूडच्या नटीसारखी गोरी, आखूड झग्यातली. ज्यांची कथा, त्यांचाच चेहरा नाही. १९९५ मध्ये कॅनडा पोस्टाने सुपरहिरोंची तिकिटं काढली, त्यातही ती अशीच आहे.

मेपलपान
@उत्तरायण, मान्य आहे, आणि ते लपवण्यासारखंही नाही. तरी त्या काळच्या इतर कॉमिक्समध्ये उत्तरेकडची माणसं नुसती पार्श्वभूमीला उभी असत. इथे निदान ती कथेच्या मध्यभागी आहेत. पुरेसं नाही, एवढं खरं.

जुनी_रद्दी
मूळ अंक बघायला किंवा जपायला मिळाले तर काही सूचना. तो कागद लाकडाच्या लगद्याचा, आम्लयुक्त. आधी कडा पिवळ्या पडतात, मग तपकिरी, मग घडी घातलेल्या जागी मोडतात. अंक कधीही पूर्ण १८० अंशात उघडू नका. दोन्ही बाजूंना आधार देऊन काटकोनाएवढाच उघडा. साध्या मऊ प्लास्टिकच्या पिशव्या टाळा. पॉलिस्टरचं पाकीट आणि मागे आम्लमुक्त पुठ्ठा घ्या. टाचण्या गंजल्या असतील तर ओढून काढू नका, गंज धरलेला कागद टाचणीसकट निघतो. आणि चिकटपट्टी तर कदापि नको. तिचा गोंद काही वर्षांत कागदात उतरतो आणि तो डाग जात नाही.

चोवीस_फ्रेम
अ‍ॅनिमेशनच्या बाजूने लिहितो. "पगार मिळाला म्हणून टिकलं" हे अपुरं आहे. पगार अनेक सरकारी कचेऱ्यांत मिळतो. मॅक्लारेनने काम असं निवडलं की त्याला जवळजवळ काहीच लागत नव्हतं. कॅमेरा नाही, स्टुडिओ नाही, सेल (म्हणजे चित्रांचे पारदर्शक ताव) रंगवणाऱ्यांची फौज नाही. पारदर्शक ३५ मिमी फिल्मवर थेट टाकाने चित्र काढायचं. 'हेन हॉप' (१९४२), 'डॉलर डान्स' (१९४३) ही युद्धकाळातली प्रचारपटं अशीच झाली. युद्धनिधीचे रोखे विका, खर्च कमी करा हा संदेश, आणि पडद्यावर नाचणारी कोंबडी.

हिशेब असा. ३५ मिमी फिल्मच्या एका फ्रेमची उंची १९ मिमी, कडेला चार भोकं. सेकंदाला २४ फ्रेम. एका फुटात १६ फ्रेम, म्हणजे एका सेकंदाला दीड फूट आणि एका मिनिटाला ९० फूट, १४४० चित्रं.

अडचण मापाची आहे. १९ मिमीच्या चौकटीत रेघ अर्ध्या मिलिमीटरने हलली तर पडद्यावर ती हातभर उडी मारते. म्हणून मॅक्लारेनने फिल्म पकडून ठेवणारी चौकट केली होती. भोकांत खुंट्या अडकून प्रत्येक फ्रेम अचूक त्याच जागी यायची, आणि आरशांच्या योजनेने आधीच्या फ्रेमचं चित्र नव्या फ्रेमवर पडलेलं दिसायचं. त्याच्याशी ताडून पुढचं काढायचं.

सुई_दोरा
करून बघणाऱ्यांसाठी भर. साधी पाण्याची शाई सेल्युलॉइडवर धरत नाही, थेंब होऊन गोळा होते. बोटाचं तेल लागलं की तिथे तर मुळीच धरत नाही. आधी फिल्म पुसून घ्या, सुती हातमोजे घाला. शाईचा थर जाड झाला तर वाळल्यावर तडकतो आणि प्रोजेक्टरमध्ये वळण घेताना खपल्या उडतात. थर पातळ ठेवावा. मूळ पट्टी सारखी चालवू नये. तिची प्रत काढावी आणि प्रत चालवावी.

कीफ्रेम
खुंट्यांचा उल्लेख आलाच आहे म्हणून. कागदावरच्या अ‍ॅनिमेशनमध्ये कागदाला भोकं पाडून खुंट्यांवर बसवायची पद्धत राउल बारे याच्या नावावर आहे. माँट्रियलचा माणूस, पण काम न्यूयॉर्कमध्ये, १९१४ च्या सुमारास. हॅल फॉस्टर हॅलिफॅक्सचा, तो विनिपेगहून सायकलने शिकागोला गेला आणि १९३७ मध्ये 'प्रिन्स व्हॅलियंट' सुरू केलं. सुपरमॅनचा चित्रकार जो शुस्टर टोरांटोत जन्मलेला. १९४० च्या आधी जो हात तयार व्हायचा तो दक्षिणेकडे, अमेरिकेत जायचा. बोरूंच्या प्रश्नाचं मूळ इथे आहे.

चोवीस_फ्रेम
@सुई_दोरा, अगदी बरोबर. खरवडण्याच्या पद्धतीत अडचण वेगळी असते. 'ब्लिंकिटी ब्लँक' (१९५५, कान महोत्सवात लघुपटांचा सर्वोच्च सन्मान) ही काळ्या फिल्मवर सुई, चाकू आणि ब्लेडने कोरलेली आहे. काळ्या फिल्ममधून आरपार दिसत नाही, त्यामुळे आधीच्या चित्राशी ताडून बघता येत नाही. मॅक्लारेनने ही अडचण सोडवत न बसता तिला वळसा घातला. सलग चित्रं काढायचीच नाहीत. एखाद-दोन फ्रेम कोरायच्या, मग कितीतरी फ्रेम कोऱ्या काळ्या सोडायच्या, पुन्हा दोन-तीन कोरायच्या. मधली हालचाल प्रेक्षकाचा डोळा भरून काढतो. डोळ्यावर चित्र क्षणभर रेंगाळतं, त्याचाच उपयोग.

खोलीचा अंदाज चुकला तर काय होतं? इमल्शनला, म्हणजे फिल्मवरच्या लेपाला, थर असतात. हलकं खरवडलं तर रेघ पुरती उजळ निघत नाही. फार जोर दिला तर पाया कापला जातो आणि पट्टी तिथेच तुटते. रंग नंतर बारीक ब्रशने, पारदर्शक डायने.

स्वरलेखा
आवाजाबद्दल कुणी लिहिलं नाही, आणि तो भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो. फिल्मवर चित्राच्या शेजारी ध्वनीची अरुंद पट्टी असते. तिच्यावर काळ्या-पांढऱ्या रेघा काढल्या की प्रोजेक्टर त्या वाजवतो. वाद्य नाही, मायक्रोफोन नाही.

गणित सोपं आहे. एका फ्रेममधल्या रेघा गुणिले २४, ही कंपनसंख्या. दहा रेघा काढल्या तर २४० हर्ट्झ. हार्मोनियमवर काळी एकचा सा २७७ हर्ट्झ धरला तर फ्रेममागे साडेअकरा रेघा, म्हणजे दर दोन फ्रेममध्ये २३. तार सप्तकातला सा हवा तर दुप्पट, आणि तेव्हा दोन रेघांत मिलिमीटरभरही जागा उरत नाही. हात तिथे थकतो. म्हणून पुढे मॅक्लारेनने स्वरांसाठी रेघांची कार्डं करून त्यांचे फोटो ध्वनिपट्टीवर घेतले. 'सिंक्रोमी' (१९७१) मध्ये तर तीच ध्वनिपट्टी रंगवून पडद्यावर आणली. जे ऐकू येतं तेच दिसतं.

एक खाचखळगा: प्रोजेक्टरमध्ये ध्वनी वाचणारा दिवा चित्राच्या खिडकीपासून दूर असतो, म्हणून ध्वनी त्याच्या चित्राच्या सुमारे २० फ्रेम पुढे छापावा लागतो. शेजारी-शेजारी काढलं तर उडीचा आवाज उडीच्या आधी-नंतर कुठेतरी पडतो.

पानसुपारी
काळी एकचा हिशेब वाचून हार्मोनियमकडे नव्याने बघितलं! संगीताचा विषय निघाला आहे तर 'अ चेअरी टेल' (१९५७) विसरू नका. एक माणूस, एक खुर्ची, आणि खुर्ची काही बसू देत नाही. मॅक्लारेन आणि क्लोद जुत्रा यांची फिल्म. संगीत पंडित रविशंकर आणि तबल्यावर चतुरलाल. खुर्चीचा रुसवा आणि लाडीगोडी सतार-तबल्यात ऐकू येते, संवाद एकही नाही.

चोवीस_फ्रेम
खुर्ची बारीक नायलॉनच्या दोऱ्यांनी हलवली आहे, सोबत जिवंत माणसाला फ्रेम-फ्रेमने चित्रित करायची पिक्सिलेशन पद्धत. 'नेबर्स' (१९५२) मध्ये माणसं उभ्याने हवेत तरंगत जातात, ती याच पद्धतीने. नट उडी मारतो, उडीच्या टोकाला एक फ्रेम. पाऊलभर पुढे येऊन पुन्हा उडी, पुन्हा एक फ्रेम. एका सेकंदाच्या तरंगण्याला नटाला डझनावारी उड्या. टोकाच्या आधी किंवा नंतर बटण दाबलं गेलं की तो माणूस पडद्यावर तरंगण्याऐवजी थरथरतो.

सुई_दोरा
भारताशी नातं आणखी एक आहे. गुजरातचे, अहमदाबादच्या एन.आय.डी. या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतले इशू पटेल फिल्म बोर्डात गेले आणि 'बीड गेम' (१९७७) केली. हजारो मणी काळ्या पृष्ठभागावर मांडून, प्रत्येक फ्रेमला सरकवून. ऑस्करचं नामांकनही मिळालं. 'आफ्टरलाइफ' (१९७८) मध्ये त्यांनी काचेवर प्लॅस्टिसिनचा (न वाळणाऱ्या मऊ मातीचा) थर दिला आणि खालून दिवा लावला. थर पातळ तिथे उजेड, जाड तिथे अंधार. अंगठ्याच्या दाबाने छटा बदलते.

कॅरोलिन लीफने काचेवर वाळू वापरली ('द आउल हू मॅरिड अ गूज', १९७४), मग 'द स्ट्रीट' (१९७६) मध्ये काचेवर ओला रंग. रंग वाळू नये म्हणून त्यात ग्लिसरीन. जास्त झालं तर रंग ओघळतो, कमी झालं तर दिव्याच्या उष्णतेने दुपारपर्यंत कडक होतो. आणि इथे चूक सुधारता येत नाही. पुढचं चित्र करण्यासाठी आधीचं पुसावंच लागतं.

खिळेमोळे
मग पिनस्क्रीनही हवाच. अलेक्झांडर अलेक्सेयेफ आणि क्लेअर पार्कर यांचं यंत्र. फिल्म बोर्डाकडच्या पडद्यात २,४०,००० पिना आहेत. तिरक्या उजेडात प्रत्येक पिनेची सावली पडते. पिन पूर्ण बाहेर असली की सावल्या एकमेकींत मिसळून काळं दिसतं, मागे सारली की पांढरं. मधल्या सगळ्या राखाडी छटा खोलीवर. एकेक पिन कुणी ढकलत नाही. लाटणी, चमचे, जे हाताला येईल त्याचा ठसा उमटवतात. समोरून दाबलं की उजळतं, मागून दाबलं की काळवंडतं, त्यामुळे मागच्या माणसाला उलट्या चित्राचा विचार करावा लागतो. दिवा किंचित हलला तर सगळ्या सावल्यांची लांबी बदलते आणि पूर्ण दृश्य लुकलुकतं. जाक द्रुएँची 'माइंडस्केप' (१९७६) याच पडद्यावरची. काम संपल्यावर हातात एकही मूळ चित्र उरत नाही, फक्त फिल्म.

आता सांगा, असलं यंत्र कोणती खासगी कंपनी विकत घेऊन वर्षानुवर्षं एका माणसाच्या हवाली करेल? बोरूंचा पगाराचा मुद्दा इथे शंभर टक्के लागू.

कीफ्रेम
संगणकाच्या बाबतीतही तसंच. बोर्डाच्या फ्रेंच अ‍ॅनिमेशन विभागाचे (१९६६) संस्थापक रने जोदोआँ यांनी पीटर फोल्डेसच्या 'हंगर' (१९७४) ची निर्मिती केली. आज्ञावली राष्ट्रीय संशोधन परिषदेतल्या नेस्टर बर्टनिक आणि मार्सेली वाइन यांची. चित्रकार मुख्य चित्रं काढतो, मधली संगणक भरतो.

यात काय बिघडतं ते बघण्यासारखं आहे. संगणक एका चित्रातल्या बिंदूपासून दुसऱ्यातल्या बिंदूपर्यंत सरळ रेषेत जातो. हात खांद्यापासून ९० अंशात फिरवायचा असेल तर बोटाचं टोक वर्तुळावरून न जाता सरळ कापत जातं. अर्ध्या वाटेवर हाताची लांबी ७१ टक्क्यांवर येते. १८० अंश असेल तर मध्ये हात चक्क शून्य होतो! फोल्डेसने या आकसण्या-वितळण्याचाच उपयोग केला, खादाड माणूस सतत दुसऱ्या कशात तरी विरघळतो. बर्टनिक आणि वाइन यांनी १९७६ मध्ये चित्रामागे सांगाडा ठेवून हालचाल सांगाड्याला द्यायची पद्धत मांडली. त्यांना १९९७ मध्ये ऑस्कर अकादमीचा तांत्रिक सन्मान मिळाला. पुढे अ‍ॅनिमेशनची सॉफ्टवेअर आली: माँट्रियलचं सॉफ्टइमेज (१९८६), टोरांटोचं हुडिनी, माँट्रियलचं टून बूम. स्टुडिओंतली बरीच हत्यारं याच देशातली.

उत्तरायण
पण सगळं श्रेय सरकारी तिजोरीला देऊ नका. किचनरचा डेव्ह सिम. त्याचं कॉमिक 'सेरेबस' डिसेंबर १९७७ ते मार्च २००४, ३०० अंक, स्वतः छापून. ना कुंपण, ना पगार. ते शक्य झालं विक्रीच्या पद्धतीमुळे. कॉमिक्सची खास दुकानं आधी मागणी नोंदवत आणि न खपलेले अंक परत करत नसत. छापण्याआधीच आकडा ठाऊक, त्यामुळे लहान प्रकाशकाचं नुकसान होत नाही. १९४५ मध्ये अंक पेपरविक्रेत्याकडे जायचे, उरलेले परत यायचे. अमेरिकन रंगीत अंकांशेजारी दहा सेंटांत काळं-पांढरं कोण घेणार?

शिवाय क्यूबेकला विसरलात. आल्बेर शार्तिएची चित्रकथा 'ओनेझिम' १९४३ ते २००२, शेतकऱ्यांच्या मासिकात. एकोणसाठ वर्षं! तिथे ना बंदीचा आधार, ना बोर्डाचा.

बोरू
@उत्तरायण, ओनेझिमला मासिकाचा आधार होता, दरमहा ठरलेलं पान आणि ठरलेलं मानधन. म्हणजे पगारच, फक्त देणारा वेगळा. सेरेबसचा मुद्दा मात्र बिनतोड आहे.

जुनी_रद्दी
आणखी एक घाव राहिला. १९४८ मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या डॉसन क्रीकला दोन मुलांच्या हातून खून झाला आणि ठपका गुन्हेगारी कॉमिक्सवर आला. खासदार डेव्ही फुल्टनच्या विधेयकाने १९४९ मध्ये गुन्हा चितारणारी कॉमिक्स छापणं-विकणं हाच गुन्हा ठरला. अमेरिकेतल्या 'कॉमिक्स कोड' या नियमावलीच्या पाच वर्षं आधी. ते कलम २०१८ मध्ये रद्द झालं. जे थोडे प्रकाशक उरले होते त्यांच्यावर ही टांगती तलवार.

मेपलपान
दोन धागे पुढे एकत्र आले तेही लिहून ठेवते. मायकेल हर्श आणि पॅट्रिक लुबेर यांनी बेल फीचर्सचा जुना साठा विकत घेऊन १९७१ मध्ये त्या कॉमिक्सवर पुस्तक काढलं. त्याच वर्षी क्लाइव्ह स्मिथसह अ‍ॅनिमेशन स्टुडिओ काढला आणि नाव दिलं नेल्वाना. विस्मृतीत गेलेल्या नायिकेचं नाव पुढे जगभरच्या मुलांनी टीव्हीवर वाचलं. साठा आता राष्ट्रीय अभिलेखागारात आहे.

आणि पगाराचं म्हणाल तर तो शेवटी कॉमिक्सलाही मिळाला. चेस्टर ब्राउनच्या 'लुई रिएल' या कॉमिकसाठी कॅनडा कौन्सिल या सरकारी कलासंस्थेने १६,००० डॉलरचं अनुदान दिलं. प्रकाशक माँट्रियलचे ड्रॉन अँड क्वार्टर्ली. त्यांनीच छापलेल्या ज्यूली दुसेला २०२२ मध्ये फ्रान्समधल्या आंगुलेम कॉमिक्स महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

बोरू
मग माझं मत दुरुस्त करून मांडतो. चित्रकाराच्या हाताला सलग काही वर्षं काम मिळणं, ही अट. १९४१ मध्ये ते बंदीने मिळालं, पण बंदीला मुदत होती. बोर्डात ते मुदतीशिवाय मिळालं. सिमला दुकानांच्या आगाऊ मागणीने मिळालं. १९४७ च्या बंदीने कुणालाच मिळालं नाही. चूक असेल तर सांगा.

बोर्डाच्या संकेतस्थळावर यातल्या बऱ्याच फिल्म फुकट बघायला आहेत. कोणत्या क्रमाने बघाव्यात?

चोवीस_फ्रेम
'हेन हॉप', मग 'नेबर्स', 'ब्लिंकिटी ब्लँक', 'द स्ट्रीट', शेवटी 'हंगर'. 'ब्लिंकिटी ब्लँक' एकदा सलग बघा आणि दुसऱ्यांदा एकेक फ्रेम पुढे सरकवत. फाइल सेकंदाला २४ फ्रेमची आहे ना ते तपासा. ३० ची असेल तर दर चार फ्रेमनंतर एक फ्रेम दोनदा येते आणि मोजणी फसते. कोऱ्या फ्रेम मोजा. सलग बघताना जिथे पक्षी उडताना दिसला होता, तिथे कितीतरी वेळ नुसता काळा पडदा आहे.